वरचा गट

वजनाच्या खोलीचं दार उघडलं आणि चिमणी बाहेर आली. सर भिंतीला टेकून उभे होते ते ताठ झाले.

"किती?"

"गटाच्या मर्यादेपेक्षा अर्धा किलो वर."

भारोत्तोलन शिकवण्यात ज्यांचे केस पिकले, ते अर्ध्या किलोला थोडेच घाबरणार! सरांनी लगेच पिशवीतून घाम काढायचा प्लास्टिकचा कोट बाहेर ओढला, त्यामागून उड्या मारायची दोरी.

"अजून तासभर वजनं घेतायत. कोट चढव आणि जिन्यावरून वर-खाली पळ. पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही."

"बाबा, मी नाही उतरवणार."

सर तिचे वडील. पण सरावाच्या ठिकाणी ती त्यांना सरच म्हणायची, बाबा फक्त घरी. आज चारचौघांत बाबा म्हणाली, तेव्हाच त्यांनी ओळखायला हवं होतं.

"खुळी आहेस का? खालच्या गटात तुझ्या तोडीचं कुणी नाही. सोनं खिशात आहे! वर ढकललंस स्वतःला, तर त्या दणकट पोरी तुला पहिल्या तिघींत येऊ देतील? आणि पदक नाही तर संघात निवड नाही."

"माहितेय."

ती शांतपणे बाकावर जाऊन बसली. तिथे सरांची थोरली बहीण डब्याचं झाकण काढत होती. बहीण वैद्य. सरांना राग काढायला माणूस मिळालं.

"ताई, हे तुझं औषध! पोरगी बरी करायला दिली होती, तू जड करून दिलीस."

"बरी होताना माणूस थोडं जड होतंच," ताईंनी चमचा पुसत म्हटलं.

चिमणीच्या पाळीचा काही नेम राहिला नव्हता. कधी दोन-दोन महिने दडी मारायची, कधी आली की हटायचं नाव घ्यायची नाही आणि मग गडपच झाली. सर तिला ताईंकडे घेऊन गेले, तेही 'मुलींचं ते जरा बघ' एवढंच पुटपुटत. ताई काढ्याची एक बाटली हातावर ठेवतील आणि काम फत्ते, असा त्यांचा हिशोब. ताईंनी नाडी पाहिली, रक्त तपासून आणायला लावलं आणि मग सरांचीच खरडपट्टी काढली. "अंगात रसच नाही, तर पाळी येईल कुठून? पोर उपाशी आहे तुझी." शतावरी दिली ती गरम दुधातून, वर तूप. दोन्ही वेळा पोटभर ताजं जेवण आणि वेळेवर झोप. हे काय औषध झालं, म्हणून सरांनी नाक मुरडलं होतं.

"तीन महिने वेळेवर येतेय, बाबा," चिमणी म्हणाली. "आणि परवा मी उचलला तो बार आधी कधी जमिनीवरून हलला तरी होता का?"

नव्हता हलला.

"त्या कोटात पळून वजन उतरवलं ना, की बारसमोर उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी यायची मला. दर स्पर्धेत. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही खूश असायचात."

सरांना आपल्या हातातला कोट एकदम नकोसा झाला. पोरीचा कणखरपणा म्हणून ज्याची ते आजवर टिमकी वाजवत आले, तो तिनं असा एकटीनं सोसला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि त्या लाजेतच कुठेतरी अभिमानानं उचल खाल्ली. हाताशी आलेलं सोनं सोडून ती निवांत जेवत होती! हे धाडस त्यांनी शिकवलेलं नव्हतं. ते तिचं तिनं कमावलं होतं.

त्यांनी कोटाची घडी न करताच तो पिशवीत कोंबला आणि तरातरा नावं नोंदवायच्या टेबलाशी गेले. "माझ्या मुलीचं नाव वरच्या गटात घ्या," त्यांनी पंच बाईंना सांगितलं.

मागे दुसऱ्या व्यायामशाळेचे कोच उभे होते. त्यांच्याकडे शिकणारी एक मुलगी असाच प्लास्टिकचा कोट घालून कोपऱ्यात दोरीवर उड्या मारत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"काय सर," कोच हसले, "चिमणीची घार झाली वाटतं?"

एरवी सरांनी हसून वेळ मारून नेली असती. आज ते वळले आणि बारच्या प्लेटा मोजताना लावतात तसा आवाज त्यांनी लावला.

"झाली! पाळी येत नव्हती माझ्या पोरीची. वैद्यांच्या औषधानं आता येते. ताकदही आली. जाईल त्या गटात उचलेल."

पंच बाईंचं पेन थांबलं. चिमणी घास तोंडात असतानाच "बाबा!" म्हणून ओरडली आणि तिला ठसका लागला. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, पण त्यांना हसू आवरेना.

कोपऱ्यातली दोरी थांबली.

"थांबलीस का? हं, चालू दे," कोच म्हणाले.

त्या मुलीनं दोरी खिडकीत ठेवली. ती बाकापाशी आली, कोटाची बाही मागे सारली आणि आपलं घामेजलेलं मनगट ताईंपुढे धरलं. ताईंनी तिला शेजारी बसवून घेतलं.

कोच एकदा त्या मुलीकडे बघत होते, एकदा त्या अनोळखी बाईंकडे. "ह्या कोण?"

"ह्या होय?" सर छाती काढून म्हणाले. "माझी थोरली बहीण."