टाकीमागचा सूर्य

नवलनं भट्टीतून ट्रे बाहेर काढला आणि वीज गेली.

पंख्यानं दोन आळसट गिरक्या मारल्या आणि तो थांबला. बेकरीसमोरच्या रांगेनं सुस्कारा टाकला. रांगेत सगळ्यात पुढे विधी होती, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिची दादी, म्हणजे गल्लीच्या कुसुमलताअक्का. दादीचं लक्ष ट्रेकडे नव्हतं. ती पाण्याच्या टाकीकडे बघत होती. ढगांच्या खालून निसटलेला सूर्य टाकीच्या कठड्याला टेकायला आला होता.

"नवल, दे आता," दादी म्हणाली.

"कसं देऊ अक्का? हाताला चटका बसतोय. यावर साय घातली तर तिचं पाणी होईल."

नवलचं टार्ट खायला जळगावचे लोक गाडीत बसून पाचोऱ्याला येत. तुपाची खुसखुशीत वाटी, तीत गुळात आटवलेली सावद्याची केळी, वर बोटभर फेटलेली साय. ट्रे निघायचा दिवेलागणीला आणि बघता बघता फस्त व्हायचा. समोरच विधीच्या घरचं कापडाचं दुकान, वर घर. तो वास रोज जिना चढून वर यायचा, पण दादीचं तोंड बंद झाल्यावर. जैनांच्या नेमानं दिवस बुडाला, म्हणजे तिच्या हिशोबी सूर्य टाकीमागे गेला, की तिला घास नाही, घोट नाही. सकाळी खावं म्हटलं, तर रात्र ओलांडलेलं चालत नाही. दोन्ही दारांना कुलूप. आणि माझ्यासाठी लवकर भाज, असं या वयात कुणाला सांगायचं? जिभेचे चोचले म्हणून लोक हसतील. दादीनं वर्षभर वासावरच भागवलं होतं.

हे विधीला आज दुपारी कळलं. उद्यापासून चातुर्मास, म्हणजे दादीला चार महिने बाजारचं बंद. दुकानात कापडाची घडी घालता घालता दादी एकाएकी म्हणाली, "विधी, मला ते समोरचं खायचंय."

विधी बघतच राहिली. आजोबा गेल्यापासून दादीनं काही मागितलंच नव्हतं. नवी साडी आणू म्हटलं, तर "कोण नेसतंय." दिवाळीनंतर मोतीबिंदू काढून घेऊ म्हटलं, तर "दिवाळीपर्यंत कोण राहतंय." विधी चप्पल न घालताच रस्ता ओलांडून गेली. अंडं नाही, लोणी नाही, सगळं विचारून घेतलं. नवलनंही अक्कांचं नाव ऐकून ट्रे लवकर लावला. सगळं जुळून आलं होतं, आणि आता ही वीज. आज हुकलं तर दादी परत काही मागणार नाही, हे विधीला पक्कं ठाऊक होतं.

"सायीशिवाय दे," दादी म्हणाली.

नवलनं कानाला हात लावला. "बिनसायीचं टार्ट मी वैऱ्यालाही देत नाही, अक्का."

सूर्य टाकीला टेकला. विधीला काही सुचेना. तिनं ओढणी काढली आणि ट्रेवर वारा घालू लागली.

रांगेतून चुडामणनाना पुढे आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"सरका रे. अक्काना दिन बुडी राह्यना. बठ्ठा जण वारा घाला."

मग काय विचारता. मंदाबाईंनी पदर मोकळा केला. कॉलेजच्या दोन मुलींनी फायली काढल्या. कुणी भाजीची रिकामी पिशवी हलवू लागलं, कुणी मिठाईच्या खोक्याचं झाकण. नवरदेवाला कुणी घालणार नाही इतका वारा त्या ट्रेला मिळाला. एक गृहस्थ तेवढे रांगेत ताठ उभे होते. "आमचा नंबर जाईल ना," ते म्हणाले.

"तुमले सारी रात मोकळी शे, भाऊ," मंदाबाई म्हणाल्या. "हात हालावा."

त्यांनी मुकाट्यानं रुमाल काढला.

नवलनं एका वाटीच्या बुडाला बोट लावलं. सगळे हात थांबले. त्यानं होकारार्थी मान डोलावली, सायीचा मोठा गोळा वर ठेवला आणि टार्ट दादीच्या हातात दिलं. कुणीतरी स्टूल सरकवलं.

दादी बसली. अर्धा सूर्य टाकीमागे गेला होता. रांगेतला प्रत्येक माणूस मनातल्या मनात 'लवकर, लवकर' म्हणत होता आणि दादी चिमणीसारखी कोपरा कोपरा खात होती. तिसऱ्या घासाला तिनं डोळे मिटले. वरच्या ओठावर सायीची रेघ उमटली होती. विधीनं हसतच दुकानातून आणलेला पाण्याचा तांब्या तिच्याजवळ धरला.

शेवटचा चुरा संपला. दादी पाणी प्यायली, तिनं हात जोडून पुटपुटत उद्या सकाळपर्यंतचा नेम घेतला, आणि टाकीमागची तांबडी कड गेली. रांगेनं अडवून धरलेला श्वास सोडला.

"कसं झालं, अक्का?" नवलनं विचारलं.

दादीनं पदरानं ओठ पुसला. "साय थोडी ओघळली."

नवलचा चेहरा पडला.

"कार्तिकी पुनमेला चातुर्मास सुटतो," दादी उठता उठता म्हणाली. "त्या दिवशी दुपारीच ट्रे लाव. दोन ठेव माझ्यासाठी. नीट गार झालेली."

"दादी," विधी हळूच म्हणाली, "पुनम दिवाळीच्याही नंतर येते."

"मग काय झालं? आहे ना मी."