उणे वजन

दाढीचे पाणी कोमट हवे, चटका बसता कामा नये. ब्रश आधी तळहातावर फिरवून मऊ करून घ्यायचा. गाल आधी, हनुवटी शेवटी. रुग्णालयाच्या खिडकीत ऊन आले तेव्हा मुलीने हे सगळे मनात घोकत वडिलांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. हे काम तिचे नव्हते. अण्णा इथे दाखल झाल्यापासून रोज सकाळी दादा येई, त्यांची दाढी करी आणि मग दुकान उघडायला जाई. जिन्यावर पावले वाजली की अण्णा विचारीत, "आला का गं आमचा राजा?"

"काय अण्णा, आज कारागीर बदलला वाटतं?" पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला. "कान सांभाळा हो!"

अण्णा हसले. तीही हसली. आपल्याला हसता आले याचेच तिला नवल वाटले.

दादा याच इमारतीच्या तळमजल्यावर, शवागारात होता. काल संध्याकाळी दुकान बंद करून इकडे येताना त्याला ट्रकने उडवले. शिपायाने त्याच्या वस्तू तिच्या हाती दिल्या. घड्याळ आणि चष्मा तिने पिशवीत ठेवला. दुकानाची किल्ली मात्र हरवायला नको म्हणून, काळ्या दोऱ्यासकट, तिने स्वतःच्या गळ्यात घातली. दादाही ती तशीच घालायचा. आंघोळीलासुद्धा काढायचा नाही.

"त्यांच्या हृदयाला आता धक्का सोसायचा नाही," डॉक्टरांनी बजावले होते. आत्याने तर जिन्यातच तिचा दंड धरला. "सांग, माल आणायला परगावी गेलाय म्हणून. असलं खोटं देवालाही चालतं गं."

"देवाला चालेल, आत्या. अण्णांना नाही चालायचं."

अण्णा तराजू दुरुस्त करीत, वजने तपासून देत. बाजारात त्यांना 'धर्मकाटा' म्हणत. काहीजण आदराने, बरेचसे वैतागून. काटा जरा सैल ठेवा म्हणणाऱ्याला ते पायरीवरूनच वाटेला लावीत. घरी दर सोमवारी ते दोन्ही मुलांना गीतेतला एकेक दैवी गुण वाटून देत. आठवडाभर तो सांभाळायचा आणि रविवारी जेवताना कुठे जमला, कुठे फसला ते सांगायचे. "गुण पोथीत ठेवायची वस्तू नाही," ते म्हणत, "हाताशी ठेवायचं हत्यार आहे." दादा तापट, म्हणून त्याच्या वाट्याला फिरून फिरून अक्रोध येई. तिच्या वाट्याला सत्य.

त्यालाही कारण होते. लहानपणी तिच्या हातून एक पितळी वजन फरशीवर पडले होते. त्याची कड उडाली. तिने ते गुपचूप पेटीत ठेवले आणि ते तसेच गिऱ्हाइकाकडे गेले. कळल्यावर अण्णा रागावले नाहीत. तिचा हात धरून त्यांनी तिला त्या वाण्याच्या दुकानात नेले आणि भर गर्दीत तिच्याच तोंडून सगळे वदवले. परतताना एवढेच बोलले, "जरासं उणं असं काही नसतं, पोरी. उणं ते उणंच."

पहाटे, वॉर्डाबाहेरच्या बाकावर, तिने ठरवून टाकले होते. सांगायचे. खोट्याच्या टेकूवर काढलेला एकेक दिवस या माणसाला पुढे विषासारखा वाटेल. आणि सांगितल्याने तेच गेले तर? या प्रश्नापुढे तिने मनाला जाऊ दिले नव्हते. आधी दाढी, मग सांगणे.

ती वाकून फेस लावू लागली. अण्णा कौतुकाने तिच्याकडे पाहत होते. एकाएकी त्यांनी डोळे मिटले.

"डोळ्यांत फेस गेला का?"

"नाही. चालू दे तुझं."

चादरीवरची त्यांची मूठ घट्ट आवळली गेली होती. बराच वेळ ती तशीच राहिली. मग एकेक बोट सैल झाले. तिने गाल संपवले. रोजचा प्रश्न अजून आला नव्हता. तिने वाट पाहिली. तो आलाच नाही. शेवटी तिने रेझर वाटीत ठेवला.

"अण्णा, दादा..."

"येऊन गेला," अण्णा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "पहाटेच. तू बाहेर बाकावर झोपली होतीस. तिला उठवू नका म्हणाला."

रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. दारावरची नजरही हलली नव्हती. भ्रम झाला की काय यांना? औषधाची गुंगी? पण आवाज तर ठाम होता. काटा स्थिर झाल्यावर वजन सांगताना लागायचा तसाच.

"तसं नाही अण्णा, मला तुम्हाला सांगायचंय..."

"काही सांगू नकोस. सत्य तुझ्याकडे फार दिवस राहिलं, पोरी. आता ते माझ्याकडे दे."

त्यांनी डोळे उघडले. ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते. जरा खाली पाहत होते. तिनेही खाली पाहिले. वाकून काम करताना गळ्यातली किल्ली केव्हाच बाहेर आली होती आणि त्यांच्या छातीवर हेलकावत होती.

अण्णांनी हात उचलला. ती किल्ली वजन पाहावे तशी क्षणभर तळहातावर धरली. मग हलकेच तिच्या गळ्याशी, कपड्याच्या आत सरकवली.

"दुकान वेळेवर उघडत जा," ते म्हणाले. "घे आता, हनुवटी राहिलीय."