खाली लाल, वर पांढरा

"यात घर नाही, झाड नाही. तरी सगळं आहे बघा," परीक्षक मलिहा मॅडम म्हणाल्या. "सहा वर्षांच्या पोरीनं काढलंय, खरं वाटत नाही."

"मले तं वाटलं, रंगच सांडला," रेणुका म्हणाली. हसली, पण पोरीच्या खांद्यावरचा हात घट्ट झाला. अमडापूरहून जीपनं दोघी चिखलीला आल्या होत्या. तालुक्याच्या प्रदर्शनात डिंपलच्या चित्राला पहिला नंबर होता.

विषय होता 'माझा भाऊ'. बाकीच्या पोरांनी क्रिकेट खेळणारे, सायकल चालवणारे भाऊ काढले होते. डिंपलच्या कागदावर नुसता एक तांबूस डाग, ना डोळे ना हात. त्याच्या वर शंकरपाळ्यासारखा एक आकार, टोकावर उभा. वरचा अर्धा पांढरा, खालचा अर्धा लाल. तिथून पिवळे ओघळ त्या डागावर उतरलेले.

रेणुकाचा अर्धा जीव घरी होता. चार महिन्यांचा राम आठवडाभर मलूल होता. प्यायला घेतला की दोन घोट घ्यायचा आणि डोळे मिटायचा. लाळ थांबत नव्हती. दवाखान्यातून थेंब आणले, फरक पडला नाही. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. अंगात ताकद यावी म्हणून रेणुका आता त्याला एकदाऐवजी दोनदा तेल लावायची. इवल्याशा पोटऱ्या, मानेच्या वळ्या, काखा, सगळीकडे जिरेपर्यंत. सासूबाई वाटीत तेल कोमट करून आणत. बाटली मात्र फडक्यात गुंडाळून त्यांच्या पेटीत असायची. लेकराचं तेल कोणाच्या दृष्टीस पडू द्यायचं नाही, ही त्या घरची रीत. आईच्याही नाही. आईचीच नजर आधी लागते म्हणे.

"हा डाग म्हणजे बाळ," मॅडमचं बोट कागदावरून फिरत होतं. "पिवळा म्हणजे माया, वरून झरतेय. पांढरा म्हणजे शांती. आणि लाल? लाल म्हणजे रक्ताचं नातं. किती नेमका आकार आहे! हा हिला कुठून सुचला असेल?"

रेणुकानं पहिल्यांदाच त्या आकाराकडे नीट पाहिलं.

सुचला नव्हता. मागच्या वर्षी गावातल्या बायकांच्या बैठकीत कृषी सहायकानं हाच आकार फळ्यावर काढला होता. फवारणीच्या औषधावर तो छापलेला असतो. खालचा त्रिकोण हिरवा तर विष सौम्य. लाल तर सगळ्यात जहाल. लाल दिसला, की तो डबा घराचा उंबरा चढता कामा नये. वांग्याच्या वावरातले तेव्हाचे तसले रिकामे डबे रेणुकानं नवऱ्याला स्वतः पुरायला लावले होते.

ती गुडघ्यावर बसली.

"डिंपल, हे कुठी पाह्यलं तू?"

"रामच्या तेलाच्या बाटलीवर."

"कोन्त्या बाटलीवर?"

"आजीच्या पेटीतल्या. काचेची फुटली ना, मंग आजीनं वावरातून आनली. झाकण पक्कं हाय म्हने." डिंपलला वाटलं, आई रागावली. "घान नाई वं मम्मी. राखंनं तीनदा घासली. मीच पानी ओतलं."

रेणुकानं आपल्या तळहातांकडे पाहिलं. मग फोन लावला. मॅडम काहीतरी विचारत होत्या, तिला ऐकू येत नव्हतं. चार रिंगा झाल्या.

"सासूबाई, रामले तेल लावू नका. लावलं असंन तं साबन लावून आंग धुवा त्याचं, आत्ताच्या आत्ता. डिंपलच्या बाबाले सांगा, गाडी काढा, त्याले दवाखान्यात..."

"काऊन इतकी घाबरून राह्यली वं?" सासूबाईंचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता. बोलता बोलता त्या पाळणा हलवत होत्या, कडीची किरकिर फोनमधून येत होती. "तू नव्हती तं आज म्याच लावलं, चांगलं वाटीभर जिरवलं. कसा निपचित झोपला पाह्य. मघापासून गालाले चिमटे घेऊन राह्यली मी, पन पोरगं हूं का चूं नाई करत."