कसरपर्यंत पायी

"चालत जाऊ या," हफीजा म्हणाली, आणि इसहाकने गाडीची किल्ली परत खिशात टाकली.

सौदीतल्या बुरैदाजवळच्या त्या खेड्यात अर्धं आयुष्य ड्रायव्हरकी केलेला माणूस पायी निघाला. दोन्ही बाजूंना खजुरीच्या बागा, मधून मातीचा रस्ता, थंडीतलं कोवळं ऊन. रस्त्याच्या टोकाला त्याच्या मालकिणीचं मातीचं उंच घर होतं. सगळे त्याला कसर म्हणत. कसर म्हणजे महाल, इसहाकने बायकोला समजावून सांगितलं.

"मग आपला घर पण महालच," हफीजा म्हणाली. "कसर काय कमी हाय तिथं?"

इसहाक हसला खरा, पण जीव थाऱ्यावर नव्हता. मालकीण उम्म सालेह हिने दोघांना कहवा प्यायला बोलावलं होतं आणि आज तिला उत्तर हवं होतं. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, पुन्हा वाढवायचा, की इसहाक कायमचा घरी जाणार? त्याला भेटायला आलेल्या हफीजाचा व्हिसाही संपत आला होता. इसहाकला जायचं होतं. फक्त हफीजाने एकदा, आपणहून, 'चला' म्हणायला हवं होतं. तो सुट्टीवर गेला की घरात ठेवणीतल्या बशा निघायच्या, पोरं जपून बोलायची आणि तो परत निघाला की सगळे आपापल्या कामाला लागायचे. आपल्यावाचून त्या घराचं काही अडत नाही, हे त्याला मनातून खात होतं.

"उम्म सालेह आज विचारेल," तो म्हणाला. "राहू की येऊ? काय सांगू?"

"तुमचा तुमी बघा. मी कोण सांगणारी?"

"तसं नाय गो, तुला काय वाटतं..."

तेवढ्यात मागून पिकअप आला आणि करकचून थांबला. शेजारच्या बागेचा म्हातारा मालक काच खाली करून ओरडला, "इसहाक! गाडी कुठाय? बसा, बसा!" गाडी ठणठणीत आहे आणि आपण हौसेने चालतोय, हे त्याला पटवताना इसहाकच्या नाकी नऊ आले. म्हाताऱ्याने दोघांच्या हातात पाण्याच्या बाटल्या कोंबल्या आणि मान हलवत निघून गेला.

"तर मी काय म्हणत होतो," इसहाकने पुन्हा सुरुवात केली.

आता दुसरा पिकअप. हा बागेत काम करणारा जमालुद्दीन. "भाभी पहली बार आई है, खाली हाथ कैसे जाएगी?" म्हणत त्याने टोमॅटोची अख्खी पेटी इसहाकच्या खांद्यावर चढवली आणि आभार मानायलाही न थांबता धूळ उडवत गेला. इसहाक भर रस्त्यात पेटी घेऊन उभा राहिला. माणसं चांगली होती, पण आज त्यांच्या चांगुलपणाने त्याला वैताग आणला होता.

हफीजा पदर तोंडावर धरून हसत होती. मग तिने पेटी खाली घ्यायला लावली आणि एका बाजूने स्वतः धरली. गावाकडे ती कायम त्याच्या मागून चालायची. आता पेटीमुळे दोघांना पावलं जुळवून चालावं लागलं, आणि इसहाकला ते फार आवडलं.

"घरचा मागचा दरवाजा फुगलाय," चालता चालता ती म्हणाली. "लागतच नाय."

"शादाबला सांग की."

"शादाबला सांगितला तर तो सुतार आणील."

"मग बरोबरच हाय ना."

हफीजाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पेटी पुढे ओढली. आपला मुलगा सुतार आणणार यात बिघडलं कुठे, हे इसहाकच्या डोक्यात काही शिरलं नाही.

उम्म सालेह कसरच्या दारात चटई टाकून उन्हाला बसली होती. बुरख्यातून नुसते डोळे दिसत होते, पण तेवढ्यातही ती हसतेय हे कळत होतं. हफीजाचा हात धरून तिने तिला जवळ बसवलं आणि अरबीत भराभर बोलत सुटली. हफीजाला अक्षर कळलं नाही. ती आपली मान डोलवत राहिली.

पेटी ठेवून इसहाक भाषांतराला पुढे सरसावला. त्याआधीच म्हातारीने पाहुणीसमोर दोन ताटल्या सरकवल्या होत्या. एकीत सोनेरी खजूर, दुसरीत तपकिरी. तिथल्या खजुरांच्या या दोन जाती, आणि म्हातारीने अगत्याने त्यांची नावं घेऊन विचारलं, "सुक्करी? खलास?"

खजुरालाही तिथे खलास म्हणतात, हे हफीजाला कुठून ठाऊक असणार? एवढ्या बोलण्यातला हा एकच शब्द तिला कळला: संपलं का? कोण सांगणारी म्हणून तिने वाटेत टाळलेला प्रश्न आता थेट तिलाच विचारला जात होता. तिने पदर सारखा केला आणि ताठ बसली.

"खलास," ती म्हणाली. म्हातारीला कमी ऐकू येत असेल म्हणून मग मोठ्याने म्हणाली, "खलास! एकदम खलास! लय झाला. आता मना माझा माणूस घरी हवा."

आणि तिचे डोळे भरून आले.

उम्म सालेहने खूश होऊन मूठभर तपकिरी खजूर तिच्या हातावर ठेवले. मग तिचं लक्ष त्या डोळ्यांकडे गेलं. ती गोंधळली.

"इसहाक, काय झालं हिला? खलास आवडत नाही का? मग मागितला कशाला?"

इसहाक हफीजाच्या शेजारी येऊन बसला. इतकी वर्षं बोलत आलेली मोडकीतोडकी अरबीसुद्धा त्याला पटकन सुचेना.

"उम्म सालेह," तो म्हणाला, "ती खजूर मागत नाहीये. मला मागतेय."

म्हातारीने हफीजाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि ताटली उचलून हफीजाच्या मांडीवर ठेवली.

"तिला सांग," ती म्हणाली, "खजूरही घेऊन जा."