यूनुसचा पट्टा

यूनुसची बहीण साजिदा काल्हेरच्या गोदामात कामाला जायची. ठेकेदाराच्या टेम्पोत काचसामानाच्या पेट्यांमध्ये बारा बायका दाटीवाटीने बसत. त्यांच्यासाठी यूनुसने टेमघरच्या आपल्या लूमवर सीटबेल्टचा पट्टा विणला. झटका बसला की तो आधी थोडा सैल व्हायचा आणि मग घट्ट धरायचा, म्हणजे बरगडी मोडायची नाही. वाळूच्या गोण्या बांधून त्याने वर्षभर तो पारखला होता.

ठेकेदाराने पट्टा ओढून पाहिला. "चीज मस्त हाय. पण हे बांधले तर बाराच्या जागी सातच बायका बसतील. त्यापेक्षा पेट्यांना लाव. काच लय फुटते."

यूनुसच्या जिवावर आलं. पण पट्टे एकदा टेम्पोत तर जाऊ देत, बायकांचं पुढे बघू, असं म्हणत त्याने ते पेट्यांना लावून दिले.

आठव्या दिवशी टेम्पो उलटला. साजिदाची ओळख पटवून यूनुस शवागारातून बाहेर आला, तोच ठेकेदाराचा फोन आला.

"यूनुसभाई, कमाल केलीस! एक काच फुटली न्हाय."