वल्ह्याचे तीन ठोके

गरी सोडण्याआधी सांतानने वल्ह्याचा दांडा होडीच्या कडेवर तीनदा आपटला. मग दोरी त्याच्या बोटांमधून खाली जाऊ लागली. मागच्या फळीवर बसलेल्या संचिताने वेळ लिहून घेतली, सात वाजून बारा मिनिटं. तिच्या कानांवर हेडफोन होते आणि त्यांची वायर पाण्यात उतरली होती. खालचे आवाज तिला त्यातून ऐकू येत.

सात एकोणीसला दोरीला हिसका बसला. सांतानने दोरी दोन बोटांवर तोलून पाहिली आणि सुरमई आहे म्हणाला. संचिताला त्याच वेळी दुसरंच काही ऐकू येत होतं. वाळलेली शेंग जोरजोरात हलवावी तशी करकर, आणि ती जवळ येत होती. तिने वहीत फक्त वेळ टिपली. दोरी एकदम जड झाली, मग हलकी. वर आलं ते सुरमईचं नुसतं डोकं. वीस हातांवर डॉल्फिनची करडी पाठ निघाली, फुस्स करून पुन्हा बुडाली.

सांतानने डोकं सोडवून पाण्यात टाकलं. शिव्या घालायचं त्याने केव्हाच सोडलं होतं. दीड महिन्यात एक अख्खी सुरमई त्याच्या हाताला लागली नव्हती. सोमवारी जेवताना त्याने बायकोला, आपोलिनाला, सांगून टाकलं होतं की शनिवारपर्यंत अख्खा मासा आला नाही, तर होडी मेल्रॉयने न्यावी. मेल्रॉय त्याचा पुतण्या. पर्यटकांना फिरवायचा आणि सांतानचे मासे खाणाऱ्या डॉल्फिनना चिडवून त्याचे जावई म्हणायचा. होडीला कुठला रंग द्यायचा हेही त्याने ठरवून ठेवलं होतं. आज शनिवार होता.

संचिता कसाल गावची. पदवी झाल्यावर डॉल्फिनच्या आवाजांच्या नोंदी करण्याचं काम तिला मिळालं होतं, आणि सांतानच्या होडीत हा तिचा बारावा दिवस. काम देणाऱ्यांनी बजावलं होतं की बघायचं, लिहायचं, मध्ये पडायचं नाही. परवापासून तिला एक गोष्ट कळलेली होती. ती सांगितली असती तर नोंदी तिथेच थांबल्या असत्या. इतक्या जवळून डॉल्फिन तिला दुसऱ्या कुठल्या होडीत मिळणार होते? म्हणून परवा ती गप्प बसली, कालही बसली.

सांतान गरीला नवा बांगडा लावत होता. एरवी एका झटक्यात होणारं काम आज त्याला तीनदा करावं लागलं.

"काका," ती म्हणाली, "डॉल्फिन इंजिन आयकान येनत नाय. तुमचे ठोके आयकान येतत."

तिने वही पुढे केली. दोन वेगवेगळ्या दिवशी दोरीचा गुंता झाल्याने ठोके लांबले होते. इंजिन वाजवत येऊन अर्धा तास झाला तरी एकही डॉल्फिन फिरकला नव्हता. गुंता सुटला, ठोके पडले, आणि सात-आठ मिनिटांत ते हजर. उरलेल्या दिवसांचंही तेच. ठोक्यानंतर मासा येतो हे ते शिकले होते.

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. सांतान वहीतल्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटलं ते तिला आधी ओळखताच आलं नाही. तो खूश झाला होता.

"बापूस म्हणी, ठोकल्याबिगर दोरी सोडू नको. खाली कळाक व्हया, कोण इलो ता." त्याने वही परत दिली. "माका वाटला, म्हातारो कायतरी बोलता. मगे कळता तर तेंका."

मग त्याने किनाऱ्याकडे पाहिलं. मेल्रॉय वाळूवर नारिंगी जॅकेटं पसरत होता, ती इथूनही दिसत होती.

सांतानने इंजिन चालू केलं आणि होडी बरीच पुढे, खडकाच्या पलीकडे नेली. इंजिन बंद करून त्याने सवयीने वल्हं उचललं. हात वरच राहिला. मग त्याने खाली ओलं गोणपाट अंथरलं आणि वल्हं त्यावर ठेवलं, आवाज न करता. दोरी सोडली.

हेडफोनमधून तळाच्या कोळंब्यांची चुरचुर तेवढी येत होती, तेल तापल्यासारखी. मध्येच दूरवर ती करकर ऐकू आली. ती होडीकडे न वळता उत्तरेकडे निघून गेली. चौतीस मिनिटांनी सुरमई लागली. डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खी, होडीच्या तळाशी बराच वेळ आपटत राहिली. संचिताने टेप लावून मोजली, एक मीटर चार सेंटिमीटर. सांतान पाण्याकडे बघत होता.

होडी ओढायला मेल्रॉय गुडघाभर पाण्यात आला. मासा दिसताच त्याने तो आधी शेपटीपर्यंत न्याहाळला.

"अंकल, आज तुझे जावय जेवाक येवक नाय?"

"बोलावणाच दिवक नाय," सांतान म्हणाला.

मेल्रॉय हसला. आसपासचे चार लोकही हसले, मासा वर धर म्हणाले, एकाने मोबाईल काढला. सांतानने सुरमई ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि काखेत घेतली.

संचिता तिची यंत्राची पेटी घेऊन रस्त्याने सांतानच्या घराकडे निघाली. बातमी तिच्याआधी घरी पोचली होती. आपोलिना ॲप्रन सोडून, केस नीट करून पुढच्या दारात उभी होती आणि वाळूच्या वाटेकडे बघत होती. त्या वाटेने कोणी येत नव्हतं. सुरूच्या झाडांमागून, कुंपणाला धरून, सांतान चोरासारखा मागच्या दाराने आत शिरला.