पपनसाच्या फोडी

गोळ्यांचा डबा. पपनसाची जाड साल. मुलाच्या हातात थरथरणारा चहाचा कप.

शरीरानं नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून हेमंतला रोज गोळ्या लागत, आणि त्या सूनच देई. त्याचे हात थरथरू लागले म्हणून रक्त तपासलं. त्यात औषधाचं प्रमाण दुप्पट निघालं, तेव्हा मी डॉक्टरांसमोरच म्हणाले, “हिला विचारा, किती चारते ते.”

“आई, डबा तुम्ही रोज लपून तपासता. एक तरी गोळी जास्त गेली का?” सून म्हणाली.

गेली नव्हती. त्यामुळेच माझा संशय वाढला होता: ही डब्याबाहेरचं काही चारत असणार.

“फळं कोणती खातो?” डॉक्टरांनी विचारलं.

“परसातलं पपनस,” हेमंत म्हणाला. “आई स्वतः सोलून देते. हिच्या हातचं खाऊ देत नाही.”

“मावशी, आतड्यातलं एक एन्झाइम हे औषध मोडतं. पपनस त्यालाच अडवतं. मग औषध रक्तात साचतं आणि मूत्रपिंड खराब करतं. आजपासून बंद.”

माझ्या नखांना सालीचा वास येत होता. सुनेनं मला धरून खुर्चीवर बसवलं. वाकताना तिनं डावी कूस दाबली.

मार्चमध्ये हेमंतला मूत्रपिंड तिनंच दिलं होतं.